जमिनीखाली तेलाची तळी नसतात

"जमिनीच्या पोटात तेलाची मोठमोठी तळी आहेत, भोक पाडायचं आणि उपसायचं." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. चित्रांतही तसंच काढतात, म्हणून तो पटणं साहजिक आहे.

प्रत्यक्षात तेल घट्ट खडकाच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत असतं. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं तेल समुद्रतळाखालच्या चुनखडकातून येतं. अशा खडकात छिद्रं एकमेकांना नीट जोडलेली नसली, तर तेलाला वाट मिळते ती भेगांतूनच. भेगा कुठे पडतात? थर वाकतो किंवा तुटून सरकतो तिथे जास्त. पातळ थरात त्या जवळजवळ असतात, जाड थरात लांब लांब. डोलोमाइट (चुनखडकासारखाच, पण मॅग्नेशियम असलेला खडक) ठिसूळ, म्हणून त्यात अधिक. चिकणमातीच्या थरापाशी बऱ्याचशा थांबतात. काही पुढे कॅल्साइटने, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो त्या खनिजाने, बुजूनही जातात.

पडताळायचं असेल तर साताऱ्याकडची एखादी विहीर उन्हाळ्यात बघा. पाणी कातळाच्या फटींतून झिरपतं. (आपल्या काळ्या कातळातल्या बऱ्याच भेगा लाव्हा थंड होताना पडल्या, हे कारण वेगळं.) सांगलीतल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी मात्र चुनखडकच. तिच्या फुटक्या तुकड्यावर पांढरी रेघ दिसली, तर ती बहुधा बुजलेली भेगच. त्यावर लिंबू पिळा. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतील.