आईची पेटी आणि कानातली एक नस

माझी आई ६८व्या वर्षी पेटी शिकून राहिली आहे. प्रतापनगरात तिचं भजनी मंडळ आहे, तिथल्या पेटीवाल्या काकू मुलाकडे पुण्याला गेल्या, जागा रिकामी पडली, तर ही म्हणाली मी बसते. रोज संध्याकाळी कूलरसमोर बसून पलटे, म्हणजे सरावाच्या सुरावटी, घोटते, तासाभरात हात मस्त बसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, "काल तर येत होतं, आज बोटंच ऐकत नाही बाप्पा. म्हातारपणी डोकं चालत नाही."

डोकं चालतं. प्रयोगशाळेत हेच तपासतात, चार बोटांनी चार बटणं ठराविक क्रमाने दाबायची, पुन्हा पुन्हा. वयस्कर लोकांचा वेग कमी असतो पण सराव करता करता तेही चांगलेच सुधारतात. अडतं ते नंतर, तरुणांचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं ना, ते काम वयानुसार कमजोर होत जातं. म्हणजे आईची तक्रार अगदी बरोबर आहे, फक्त दोष तिने भलत्या ठिकाणी लावला.

आता नसेची गोष्ट, या पक्कं होण्याशी तिचा काय संबंध ते पुढे येतंच. कान कोरताना काही जणांना अचानक ठसका लागतो, पाहिलं असेल. कानाचा आणि खोकल्याचा काय संबंध? संबंध व्हेगस नावाच्या नसेचा. ही मेंदूतून निघून घसा, हृदय, फुप्फुसं करत पार पोटापर्यंत जाते आणि तिची एक बारीक फांदी कानात येते. कानाच्या भोकाच्या वर जो खोलगट भाग आहे तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे तिथे क्लिप लावून हलका करंट दिला की ऑपरेशन न करता नस जागी करता येते.

नस जागी झाली की निरोप मेंदूच्या देठात जातो, तिथून लोकस सेरुलियस नावाच्या इवल्याशा ठिकाणी. तिथे पेशी फक्त ५० हजारांच्या आसपास, पण नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन त्या जवळजवळ अख्ख्या मेंदूला पुरवतात, आणि ते मिळालं की मेंदू आत्ता चाललेली गोष्ट जास्त नीट धरून ठेवतो. वाईट याचं वाटतं की म्हातारपणी झीज सुरू होणाऱ्या पहिल्या काही जागांपैकी हीच एक.

या नसेला करंट दिल्याने फायदा होतो याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र ऑपरेशन करून शरीरात बसवायच्या मशीनचा आहे. स्ट्रोकनंतर हात कमजोर झालेल्या १०८ लोकांवरचा अभ्यास २०२१मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांना मशीन बसवलं, सगळ्यांकडून व्यायामही सारखाच करून घेतला, पण खरा करंट निम्म्यांनाच. तीन महिन्यांनी ठळक सुधारणा करंटवाल्यांपैकी ४७ टक्क्यांत, बाकीच्यांत २४ टक्क्यांत. मला यातली वेळेची गोष्ट फार आवडते, करंट दिवसभर सुरू नव्हता, पेशंट हात हलवतो नेमकं तेव्हाच थेरपिस्ट बटण दाबायचा आणि अर्धा सेकंद झटका जायचा. हात हललाच नाही तर मेंदूने पक्कं करायचं तरी काय?

कानातून तेवढंच साधतं का, यावर काम सुरू आहे. बऱ्याच प्रयोगांत सेकंदाला २५ झटके देतात आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाच्या कानाच्या पाळीला क्लिप लावतात, कारण पाळीत व्हेगसची फांदी नसते. अभ्यास छोटे आहेत, निकालही एकसारखे नाहीत, कुठे फायदा दिसतो तर कुठे काहीच फरक नाही.

म्हणून ऑनलाइन मिळणारं हे कानाचं मशीन घरच्या म्हाताऱ्यांना आणून देऊ नका प्लीज, आणि पेसमेकर असेल किंवा ठोके अनियमित असतील तर अजिबातच नाही. गुडघ्यासाठी आणलेलं टेन्स मशीन (दुखणं कमी करायला कातडीवरून करंट देतं ते) तर मानेच्या पुढच्या बाजूला कधीच लावायचं नाही, तिथे करंट गेला तर बीपी एकदम पडू शकतो.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वाजवावं तर लागेलच ना?" तेव्हापासून एकदम तासभर न बसता सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस, रात्री वीस असं करून राहिली आहे. सध्या भूप राग सुरू आहे, पाचच सूर, आणि काल सकाळी पहिल्यांदा आदल्या दिवशीचा पलटा न अडखळता निघाला.