वीज पडून मृत्यू: चार लाखांच्या मदतीसाठी अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

वळवाच्या पावसात आणि पुन्हा परतीच्या पावसात वीज अंगावर पडून माणसे जातात. बहुतेक जण शेतात काम करणारे किंवा गुरांमागे गेलेले असतात. महाराष्ट्रात वीज कोसळणे ही घोषित आपत्ती आहे. त्यामुळे मृताच्या वारसांना राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे ४ लाख रुपये मिळतात. हा दर केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेला आहे. घटना त्यानंतरची असेल तर चालू दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावा.

मदतीच्या आधी जिवाचे बघा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. शेणात किंवा मातीत ठेवण्यात वेळ घालवू नका, वाचण्याची शक्यता असते ती त्याच काही मिनिटांत.

शवविच्छेदन टाळू नका

या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा कागद शवविच्छेदन अहवाल. दुःखात असलेल्या घराला मृतदेहाची चिरफाड नको वाटते आणि गावातली मोठी माणसेही "आता कशाला, उरकून घ्या" म्हणतात. त्या भावनेचा मान ठेवूनही आग्रहाने सांगावेसे वाटते, की अंत्यसंस्कार आधी झाले तर मृत्यू विजेनेच झाला हे नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते. मदत मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावरच मिळते. म्हणून पोलीस पाटलांमार्फत किंवा थेट पोलीस ठाण्यात खबर द्या. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, मृतदेहाचा पंचनामा करतात आणि सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन होते. त्याच दिवशी तलाठ्यांनाही कळवा (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे). घटनास्थळाचा पंचनामा करून ते तहसीलदारांना अहवाल पाठवतात. जळालेले झाड, फाटलेले किंवा करपलेले कपडे, जवळ मेलेले जनावर यांचे फोटो त्याआधीच काढून ठेवावेत.

कोण पात्र

मृत व्यक्ती शेतकरीच असावी, नावावर सातबारा असावा किंवा उत्पन्न ठरावीक मर्यादेत असावे, अशी अट या मदतीला नाही. शेतमजूर, मेंढपाळ, ऊसतोड कामगार, शाळकरी मूल, कोणाच्याही वारसांना ती मिळते. परजिल्ह्यात कामाला गेलेल्या माणसाचा मृत्यू झाला तर कागद जिथे घटना घडली त्या तालुक्यात तयार होतात. म्हणून गावी परतण्याआधी तिथल्या तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्यावी.

अर्जासोबत काय जोडायचे

तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज चालतो. त्यात घटनेची तारीख, वेळ, ठिकाण आणि वारसाचे मृताशी नाते लिहा. सोबत शवविच्छेदन अहवाल, पोलीस पंचनामा आणि आकस्मिक मृत्यूच्या नोंदीची प्रत, मृत्यूचा दाखला, मृताचे व वारसाचे आधार कार्ड, रेशन कार्ड, वारसाबाबतचा दाखला आणि बँक पासबुकची झेरॉक्स जोडावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही. वारस एकाहून जास्त असतील तर रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची याचे बाकीच्यांचे संमतीपत्र सुरुवातीलाच द्या. प्रकरणे रखडतात ती बहुतेक वेळा इथे, घरातल्या वादामुळे. विधवा सुनेचा हक्क डावलून कोणी परस्पर सह्या घेत असेल तर तिने तहसीलदारांकडे लेखी हरकत द्यावी.

जखमी आणि जनावरे

याच निकषांत आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहावे लागलेल्या गंभीर जखमीला १६,००० रुपये, त्याहून कमी दिवसांसाठी ५,४०० रुपये आहेत. अपंगत्व ४० ते ६० टक्के असेल तर ७४,०००, त्याहून जास्त असेल तर अडीच लाख. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड मात्र जपून ठेवायला हवे.

गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून शवविच्छेदन करून घ्या. कानातला बिल्ला नसेल तर मदत अडते.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक लिहून घ्या. या कामाला शासकीय फी नाही, मध्यस्थाचीही गरज नाही. दाद लागत नसेल तर आधी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकासह लेखी तक्रार करा. घटनेची माहिती देण्यासाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.