फोटोतले लाल डोळे आले कुठून?

घरातले जुने अल्बम काढून बघा, आजोबांच्या काळच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत डोळे काळेभोर, आणि 1990 च्या आसपास बीड-परभणीकडं रात्रीच्या वरातीत काढलेल्या रंगीत फोटोत नवरदेवासकट अख्खं वऱ्हाड लालबुंद डोळ्यांचं. रंगीत रोल आला म्हणून लाल दिसलं हे खरंय, पण माझ्या मते मोठं कारण म्हणजे कॅमेरा लहान होत गेला.

फ्लॅश तसा लई जुना. 1887 मधे जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर काढली, 1930 च्या सुमारास काचेचे बल्ब आले, पण तेव्हा उजेड लेन्सपासून चांगला लांब असायचा. मग 1963 ला कोडॅकचा इन्स्टामॅटिक हा छोटा कॅमेरा, 1965 ला त्याच्या डोक्यावर बसणारा फ्लॅशक्यूब, आणि 1975 ला कोनिकानं तर फ्लॅश कॅमेऱ्याच्या आतच बसवला. तिथून लेन्स आणि फ्लॅश शेजारी-शेजारी आले.

आता अंधारात डोळ्याची बाहुली (मधलं काळं भोक) 7-8 मिलिमीटरपर्यंत उघडते, फ्लॅश साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, तेवढ्यात बाहुली मिटणार कधी? उजेड आत जातो, डोळ्याच्या आतल्या पडद्यामागच्या रक्तानं लाल होऊन आला त्याच वाटेनं परत फिरतो आणि लेन्स नेमकी तिथंच. 1851 मधे हेल्महोल्ट्झनं डोळा आतून बघायचं यंत्र केलं ते याच तत्त्वावर.

उपायही याच्यातूनच निघाले. कोडॅकवाल्यांनी फ्लॅशक्यूब उंच धरणारी दांडी विकली, लग्नातले चांगले फोटोग्राफर फ्लॅश सरळ तोंडावर न मारता वर पांढऱ्या छताकडं फिरवायचे (आजही हाच सगळ्यात भारी उपाय). नंतर फोटोआधी दिवा लुकलुकवून बाहुली बारीक करणारे कॅमेरे आले, पण लोकांना वाटायचं फोटो निघाला, आणि खऱ्या फोटोला मान वळलेली! लाइट असेल तर खोलीतल्या ट्यूब सगळ्या लावा, बाहुली आपोआप लहान होते. डिजिटल आल्यावर कॅमेरा आणि कॉम्प्युटर स्वतःच लाल पुसायला लागले.

एक मात्र मनापासून सांगतो, लाल रंगाला घाबरू नका, पण लहान लेकराच्या एकाच डोळ्यात फ्लॅशमधे पांढरी चमक दिसत असेल तर फोटो एडिट करत बसू नका, लगेच डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. कधी नुसता अँगल असतो, पण मोतीबिंदू किंवा पडद्याचा कॅन्सरही अशा साध्या घरच्या फोटोतून सापडलेला आहे.