पुढची धुरा का थरथरते? स्टिअरिंग डॅम्पर निवडण्यापूर्वी

अमेरिकेत २०१९ मध्ये फियाट क्रायस्लर कंपनीने २०१८ आणि २०१९ या वर्षांच्या जीप रँग्लर गाड्यांना नवा स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचे झटके शोषणारी तेलाची नळी, बसवून देण्याचे जाहीर केले. या गाड्यांची पुढची चाके वेगात असताना जोराने डावी-उजवीकडे थडथडत असल्याच्या तक्रारी होत्या, आणि चालकांमध्ये या प्रकाराला ‘डेथ वॉबल’ असे नाव आहे. त्या घोषणेने जगभरच्या जीपप्रेमींमधली एक जुनी समजूत अधिकच पक्की केली, ती म्हणजे चाके थरथरली की डॅम्पर गेला आणि मोठा डॅम्पर बसवला की दुखणे गेले. ही समजूत अर्धवट खरी आहे, आणि डॅम्परची निवड चुकण्याचे मुख्य कारणही तीच आहे.

हा त्रास प्रामुख्याने पुढे अखंड धुरा असलेल्या गाड्यांना होतो. आपल्याकडे मारुती जिप्सी आणि २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी ही त्याची ओळखीची उदाहरणे आहेत. अखंड धुरेची दोन्ही चाके एकाच दणकट तुळईला जोडलेली असल्याने एक चाक दगडावर चढले की दुसरे जमिनीकडे दाबले जाते, आणि खडकाळ वाटेवर हा मोठाच गुण ठरतो. ताडोब्याच्या मातीच्या वाटेवर संथपणे फिरणाऱ्या जिप्सीला या थरथरीचा अनुभव सहसा येणार नाही. तीच गाडी डांबरी रस्त्यावर ताशी सत्तर किलोमीटरने जाताना पुलाच्या जोडावर आदळली, तर मात्र तो येऊ शकतो. म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी घेतलेल्या गाडीचे हे दुखणे पक्क्या रस्त्यावर उमटते, आणि याचे कारण चाकाच्या फिरण्यातच आहे.

सायकलचे सुटे चाक दोन्ही हातांनी आसाला धरून, पुढे जाताना फिरते तसे जोराने फिरवावे आणि उजवीकडे कलवावे. ते नुसते कलत नाही, तर उजवीकडे वळूही पाहते. फिरणाऱ्या वस्तूचा आस एका दिशेने हलवला की तिची प्रतिक्रिया त्या दिशेशी काटकोनात उमटते. कलणारा भोवरा पडण्याऐवजी गोल घुमतो तोही याच नियमाने. आता गाडीचे डावे चाक उंचवट्यावर चढले असे समजू. धुरा अखंड असल्यामुळे तिच्याबरोबर दोन्ही चाके उजवीकडे कलतात आणि कलताच उजवीकडे वळू लागतात. हे वळणेही आसाचे हलणेच असल्याने त्याची प्रतिक्रिया पुन्हा काटकोनात येते आणि धुरेची डावी बाजू खाली रेटते. धुरा समतोल ओलांडून उलट बाजूला कलते, चाके आता डावीकडे वळतात, आणि कलणे व वळणे ही दोन आंदोलने एकमेकांना हाकारू लागतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक चाक वेगळे टांगलेले असते तेव्हा, चाक फारसे न कलता वर जाते, त्यामुळे ही साखळी बरीचशी तुटते. १९३०च्या दशकात मोटारींना स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन देण्यामागे जी कारणे होती, त्यांत ही थरथर महत्त्वाची होती.

मात्र हा परिणाम ऊर्जा केवळ इकडून तिकडे नेतो, नवी ऊर्जा देत नाही, मग थरथर वाढते कशी? ती ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्यातूनच येते आणि टायर तिचा दलाल असतो. चाक वळल्याबरोबर रबर लगेच बाजूचा जोर देत नाही. साधारणपणे चाकाच्या त्रिज्येच्या आसपासचे अंतर गाडी पुढे सरकल्यावरच तो जोर बराचसा तयार होतो. या उशिरामुळे ज्या वेळी जोराने चाक सरळ करायला हवे, त्या वेळी तो त्याला आधीच सुरू असलेल्या दिशेने ढकलतो. झोपाळा मागे येऊन पुन्हा पुढे निघताना नेमका धक्का मिळावा आणि झोका चढत जावा, तसेच हे आहे. घर्षणात खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अशी मिळणारी ऊर्जा जास्त झाली की एका ठराविक वेगानंतर आंदोलन आपोआप वाढते. जिम्नीच्या १९५/८० आर१५ टायरचा परीघ सुमारे २.१८ मीटर आहे, म्हणजे ताशी ७० किलोमीटरला ते चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेते. चाकाचे वजन असमान असेल तर याच गतीने धक्के बसतात, आणि हे धक्के यंत्रणेच्या स्वाभाविक कंपनाशी जुळले तर ठिणगी पडायला तेवढे पुरते. व्यास १० टक्क्यांनी आणि वजन २० टक्क्यांनी वाढवलेले चाक बसवल्यास जडत्वाचा आघूर्ण, म्हणजे फिरण्यातल्या बदलाला होणारा त्याचा विरोध, सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो, म्हणून ‘मोठे टायर टाकले आणि थरथर सुरू झाली’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते.

डॅम्पर या साखळीतली ऊर्जा तेलाच्या उष्णतेत बदलतो. त्याचा विरोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो आणि हीच त्याची खरी खुबी आहे. आपण स्टिअरिंग फिरवून टाय रॉड, म्हणजे दोन्ही चाकांचे वळणे जोडणारा आडवा दांडा, १५ सेंटिमीटर ३ सेकंदांत सरकवला, तर त्याचा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर असतो. पण मध्यापासून दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर, सेकंदाला ९ वेळा अशी थरथर असेल तर त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ५७ सेंटिमीटर होतो. त्यामुळे हाताला जवळजवळ न जाणवणारा डॅम्पर थरथरीला मात्र कडाडून अडवतो.

थरथर सुरू झाली की ‘गाडीला नजर लागली’ म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणारे मला भेटले आहेत. त्या लिंबाने चाकाची थरथर थांबत नाही, पण ढिला पॅनहार्ड रॉड (धुरेला बाजूला सरकू न देणारा दांडा) तपासायचा दिवस मात्र पुढे ढकलला जातो आणि चालकाचा जीव धोक्यात येतो. दोन-दोन रंगीत डॅम्पर लावले की सगळे ठीक होते, ही जाहिरातबाजीही तेवढीच घातक आहे, कारण दोन डॅम्परखाली झिजलेला बुश (सांध्यातली रबरी बैठक), सैल बॉल जॉइंट किंवा झिजलेले किंगपिन बेअरिंग (चाक ज्या खुंटीभोवती वळते तिचे बेअरिंग) आणखी काही महिने दडून राहते. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पाहून कोणता सांधा आधी उचकतो ते शोधावे. त्यानंतर व्हील बॅलन्सिंग करावे, टायरमधली हवा आणि टो (पुढची चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासावा, आणि मगच डॅम्पर विकत घ्यावा.

निवडीत पहिले महत्त्व लांबीच्या आवाक्याला आहे. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे जाताना डॅम्परचा दांडा टोकाला अडकता कामा नये. चाक अडवण्याचे काम धुरेवरच्या स्टॉपचे आहे. दुसरे म्हणजे डॅम्परचा विरोध दोन्ही दिशांना सारखा हवा. सस्पेन्शनचा शॉकअप ताणताना आणि दाबताना वेगवेगळा विरोध करतो, शिवाय तो उभा बसवण्यासाठी बनवलेला असतो. तो आडवा लावल्यास तेलात हवा मिसळण्याची शक्यता असते, म्हणून जुना शॉकअप आडवा ठोकणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

गॅस भरलेल्या डॅम्परबाबत विशेष सावध राहावे. दांडा एकाच बाजूने बाहेर येत असेल, तर आतला दाब त्याला सतत बाहेर ढकलतो. १२ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचे क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर असते, आणि २० बार दाबाला तो सुमारे २२६ न्यूटनने, म्हणजे जवळपास २३ किलो वजनाइतक्या जोराने, टाय रॉडला एका बाजूला लोटतो. त्याचा परिणाम म्हणून गाडी एकीकडे ओढली जाते आणि लोक अलाइनमेंटवाल्याला दोष देतात. म्हणून बिनगॅसचा, किंवा दांडा दोन्ही टोकांतून आरपार जाणारा डॅम्पर मला अधिक पसंत आहे.

बसवण्याचा कोनही हिशेबात धरावा. डॅम्पर टाय रॉडच्या रेषेशी जितका तिरपा, तितकी त्याची उपयुक्तता कोसाइनच्या वर्गाने घटते, कारण तिरकेपणा वेगही कमी करतो आणि जोरही. ३० अंशांना ती ७५ टक्के उरते, ४५ अंशांना निम्मी. त्यामुळे महागडा डॅम्पर वाईट ब्रॅकेटवर लावला तर साध्या डॅम्परपेक्षाही कमी काम करतो. टाय रॉडवरचा क्लॅम्प घसरला तर डॅम्पर उलटा कलून स्टिअरिंग अडकूही शकते. म्हणून बसवल्यावर गाडीची चाके जमिनीपासून उचलून, धुरा पूर्ण खाली लोंबू देऊन आणि नंतर पूर्ण वर दाबून, अशा दोन्ही स्थितींत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवून पाहावे, आणि पहिल्या कच्च्या प्रवासानंतर त्या क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा आवळावेत.