मेनफ्रेमचा कारभार: बॅकअप, लॉगिनची नोंद आणि पाळीतली माणसे यांची पार्श्वभूमी

रेल्वेच्या संकेतस्थळावरून तिकीट काढणाऱ्या भुसावळच्या किंवा चाळीसगावच्या प्रवाशाला रात्री पावणेबारा वाजता थांबावे लागते. मध्यरात्रीनंतर साधारण वीस मिनिटांनी आरक्षण पुन्हा सुरू होते. मधल्या वेळात यंत्रणा एक दिवस मिटवते आणि दुसरा उघडते. बहुतेकांना ही गैरसोय वाटते. परंतु मोठ्या संगणकांचा कारभार ज्या रीतीने घडला, तिची ही उरलेली खूण आहे. एकेकाळी हा थांबा अर्ध्या तासाचा नव्हता, सबंध रात्रीचा होता. दिवसभर कागद गोळा व्हायचे, रात्री ते यंत्रावर चालवले जायचे आणि सकाळी छापील तक्ते संबंधितांच्या टेबलावर जायचे.

त्या रात्रपाळीतूनच मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या या केंद्रीय संगणकांच्या, कारभाराच्या तीन सवयी पक्क्या झाल्या: माहितीची प्रत राखणे, यंत्राला कोणी हात लावला हे लिहून ठेवणे आणि माणसांची कामे एकमेकांपासून वेगळी ठेवणे. या तिन्ही गोष्टी सुरक्षिततेसाठी मुद्दाम योजलेल्या आहेत, असे आज सांगितले जाते. इतिहास पाहिला तर पहिली टेपच्या स्वभावातून आली, दुसरी भाड्याच्या हिशेबातून आणि तिसरी यंत्राच्या किमतीतून. सुरक्षिततेचा अर्थ त्यांना मागाहून चिकटला. हा उलगडा केल्याशिवाय त्यांतले कोणते नियम आजही जिवंत आहेत आणि कोणते नुसते पाळले जातात, ते नीट कळत नाही.

खानदेशात मेनफ्रेम फारसे आलेच नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. भारतातील पहिले संगणक कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कानपूरची आयआयटी अशा ठिकाणी बसले. मुंबईत टाटा संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 साली पूर्णत्वाने कामाला लागला आणि 1964 साली तेथेच सीडीसी 3600 हा अमेरिकी संगणक आला. त्यानंतर आयुर्विमा महामंडळ आणि रेल्वे यांनी आयबीएम 1401 ही यंत्रे घेतली. रेल्वेची यंत्रे मुख्यालयांत होती. भुसावळ हा मध्य रेल्वेचा मोठा विभाग असला तरी मुख्यालय मुंबईला. त्यामुळे विभागाच्या वाट्याला यंत्र आले नाही, यंत्राला लागणारे कागद भरण्याचे काम आले. ठरलेल्या चौकटीत ठरलेला आकडा लिहायचा, खाडाखोड करायची नाही आणि गठ्ठ्यावर कागदांची संख्या व रकमेची बेरीज नोंदवायची, म्हणजे पलीकडे कार्डे पंच झाल्यावर (कागदावरचे आकडे भोकांच्या रूपाने कार्डांवर उतरल्यावर) तीच बेरीज जुळते की नाही ते पाहता येते. गठ्ठ्याची ही बेरीज, जिला संगणकाच्या जगात नियंत्रण बेरीज म्हणतात, ती मेनफ्रेमच्या शिस्तीची पहिली पायरी होती आणि ती यंत्रापासून शेकडो किलोमीटर दूर, शाईच्या पेनाने पूर्ण होत असे.

आता बॅकअपकडे वळू. आयबीएमने 7 एप्रिल 1964 रोजी सिस्टीम 360 ही मेनफ्रेमची मालिका जाहीर केली, तेव्हा मोठ्या माहितीचे खरे घर अर्धा इंच रुंदीची चुंबकीय टेप हेच होते. डिस्क होत्या, पण त्या महाग आणि लहान होत्या. त्या काळच्या 2311 या डिस्कच्या एका पॅकमध्ये सव्वासात मेगाबाइटच माहिती मावत असे. टेपची अडचण अशी की तिच्यावरची मधलीच एक नोंद जागच्या जागी बदलणे व्यवहारात शक्य नव्हते. म्हणून कालची मुख्य टेप एका यंत्रावर, आजच्या व्यवहारांची टेप दुसऱ्यावर आणि कोरी टेप तिसऱ्यावर चढवायची. दोन्ही वाचत वाचत तिसरीवर नवी मुख्य टेप लिहायची. दोन्हींचा क्रम एकच असला पाहिजे, म्हणून व्यवहार आधी क्रमाने लावून घ्यावे लागत. काम संपले की नवी टेप हाती येई आणि जुनी, हात न लागलेली, तशीच शिल्लक राही.

बॅकअप म्हणतात तो इथे जन्मला, आणि तोही कोणी मागितलेला नसताना. नवी टेप बिघडली तर कालची टेप आणि आजचे व्यवहार पुन्हा चढवले की झाले. म्हणून कालची टेप पुसायची नाही. आणि तीही बिघडलेली निघाली तर, म्हणून परवाचीही ठेवायची. आजा, बाप आणि लेक अशा तीन पिढ्यांचा हा रिवाज पुढे ऑपरेटिंग सिस्टीमनेच आपल्या पोटात घेतला. आयबीएमच्या पद्धतीत एकाच नावाच्या फाइलींचा गट करता येतो. चालू पिढीला शून्य, तिच्या आधीचीला उणे एक आणि आता जन्मणारीला अधिक एक म्हणायचे. किती पिढ्या राखायच्या ते एकदा सांगितले की सर्वांत जुनी आपोआप गटातून बाहेर पडते. माणसाच्या स्मरणावर अवलंबून असलेली गोष्ट यंत्राच्या व्याकरणात गेली, हे या कारभारातले पहिले मोठे वळण.

टेपच्या रिळाच्या मागच्या बाजूला एक खाच असे आणि तिच्यात प्लास्टिकचे कडे बसवले असेल तरच त्या टेपवर लिहिता येई. कडे काढले की ती फक्त वाचण्यापुरती. ऑपरेटरांच्या तोंडी ‘नो रिंग, नो राइट’ असे सूत्रच होते. या रचनेचे शहाणपण मला फार मोलाचे वाटते. कडे बसवण्याचे विसरले तर काम अडते, पण माहिती जात नाही. विसरण्याची दिशा ज्याने निवडली, त्याला रात्रपाळीतला झोपाळलेला माणूस ठाऊक असणार.

पुढे टेपची घनता वाढत गेली. इंचाला 800, मग 1600 आणि 1973 पासून 6250 अक्षरे या मापाने 2400 फुटांच्या रिळात, मधली रिकामी जागा न धरता, सुमारे 18 कोटी अक्षरे मावू लागली. 1984 साली चौकोनी काडतुसासारखी टेप आली. परंतु याच काळात मुख्य माहिती टेपवरून डिस्कवर सरकली आणि एक गोष्ट नकळत हातची गेली. डिस्कवर नोंद जागच्या जागी बदलते, म्हणजे जुनी नोंद नाहीशी होते. आता जुनी प्रत आपोआप शिल्लक राहणार नव्हती; ती मुद्दाम काढावी लागणार होती. बॅकअप हे स्वतंत्र काम, त्याचे वेळापत्रक आणि ते झाले की नाही हे पाहणारा माणूस, ही सगळी गरज डिस्कने निर्माण केली. बॅकअप काढला म्हणजे तो परत वाचता येईलच असे नाही, हेही लोकांना तेव्हापासूनच कळू लागले. टेपच्या काळात कालची टेप रोज वाचली जात असल्यामुळे ही परीक्षा दररोज आपोआप होत होती.

माणसांच्या मांडणीचे मूळ पैशात आहे. आयबीएम 1401 चे भाडे अमेरिकेत महिन्याला अडीच हजार डॉलरपासून सुरू होत असे. असे यंत्र मिनिटभर जरी रिकामे राहिले तरी ते नुकसान होते. सुरुवातीला प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच यंत्रापाशी जाऊन तो चालवी, चूक सापडली की तेथेच उभा राहून विचार करी आणि यंत्र तोवर ताटकळे. म्हणून प्रोग्रॅमरला यंत्राच्या खोलीबाहेर काढले. त्याने कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकाल खिडकीतूनच घ्यायचा. आत ऑपरेटर, त्यांच्यावर पाळीचा पर्यवेक्षक, टेपांची नोंद ठेवणारा टेप लायब्ररियन आणि ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळणारे मोजके सिस्टीम प्रोग्रॅमर. बाहेर पंच ऑपरेटर, पंच केलेले कार्ड दुसऱ्यांदा टाइप करून पडताळणारे व्हेरिफायर आणि कागदांची आवकजावक पाहणारा नियंत्रण कक्ष. भारतातल्या कार्यालयांत या सगळ्याला मिळून ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) विभाग म्हणत.

प्रोग्रॅमर आत नाही आणि ऑपरेटरला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, यामुळे कोणा एकट्याला गैरव्यवहार करणे अवघड झाले. हा फायदा हिशेबनिसांच्या लक्षात आला आणि किमतीपोटी झालेली विभागणी त्यांनी तत्त्व म्हणून मांडली. खानदेशातल्या वाचकाला हे तत्त्व नवे नाही. जळगाव-धुळ्याच्या कोषागारात काम केलेल्या कोणालाही दुहेरी कुलूप माहीत असते: एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे, आणि दोघे एकत्र आल्याशिवाय भक्कम खोलीचे दार उघडत नाही.

भारतात या मांडणीला आणखी एक बाजू होती, ती म्हणजे नोकऱ्यांची भीती. आयुर्विमा महामंडळातील यंत्रांना 1960 च्या दशकात कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1969 साली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली गेली आणि 1972 साली तिचा अहवाल आला. बँकांमध्ये कर्मचारी संघटनांशी झालेल्या 1983 च्या करारानंतर आणि बँकांच्या संगणकीकरणावरील रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर वाट मोकळी झाली. दरम्यान 1978 साली आयबीएमने भारत सोडला. तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली आणि देशी अभियंत्यांना परक्या यंत्रांचे अंतरंग सांभाळावे लागले. रेल्वेचे संगणकीय आरक्षण दिल्लीत याच कंपनीने उभे केले. त्यासाठी वापरलेली व्हॅक्स यंत्रे काटेकोरपणे मेनफ्रेम नव्हती, पण कारभाराची रीत मेनफ्रेमचीच होती. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे 1999 साली एकमेकांना जोडली गेली.

लॉगिनची गोष्ट सर्वांत रंजक आहे, कारण पासवर्ड मुळात चोर अडवण्यासाठी आलाच नव्हता. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या संस्थेत 1961 साली सीटीएसएस ही एकाच वेळी अनेकांना यंत्र वाटून देणारी व्यवस्था दाखवण्यात आली. प्रत्येकाला ठरावीक यंत्रवेळ मिळे आणि ती कोणाच्या खात्यातून वजा करायची हे कळण्यासाठी नाव व पासवर्ड लागे. 1962 साली अॅलन शेर या संशोधकाला आपल्या वाट्याची वेळ पुरेना, म्हणून त्याने पासवर्डांची फाइल छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांवर काम केले. पहिली नोंदलेली पासवर्डचोरी ही अशी, वेळेच्या शिधापत्रिकेसाठी झाली. 1966 साली त्याच यंत्रणेत आणखी विचित्र प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच खात्यातून एकाच वेळी काम करत होते. एक पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा लॉगिन करणाऱ्याला दिसणारी रोजची सूचना. संपादन करणारा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच नाव देई. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सर्वांचे पासवर्ड छापून आले. सामायिक खाते वापरू नये, हा नियम इतक्या महागात शिकला गेला, तरी तो अजूनही सर्वाधिक मोडला जाणारा नियम आहे.

नोंदींचेही तसेच. सिस्टीम 360 च्या ऑपरेटिंग सिस्टीमला 1960 च्या दशकाअखेरीस एसएमएफ ही सोय जोडली गेली. कोणत्या जॉबने, म्हणजे यंत्राला दिलेल्या कामाने, किती वेळ यंत्र वापरले आणि किती टेपा चढवल्या, हे ती लिहून ठेवी, कारण प्रत्येक विभागाच्या नावे खर्च टाकायचा असे. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात शेअर या आयबीएम वापरकर्त्यांच्या संघटनेत सुरक्षेच्या मागण्या ठरू लागल्या आणि 1976 साली आयबीएमने रॅकएफ आणले. कोणाला कोणती फाइल उघडता येईल ते हा प्रोग्रॅम ठरवतो आणि नाकारलेले प्रयत्न त्याच एसएमएफच्या वहीत, ऐंशी क्रमांकाच्या नोंदीत लिहितो. संगणक सुरक्षेचे अभ्यासक जेम्स अँडरसन यांनी 1980 साली दाखवून दिले की हिशेबासाठी जमणाऱ्या अशा नोंदी नीट चाळल्या तर घुसखोर आणि आपल्या अधिकाराचा गैरवापर करणारा आतला माणूस, दोघेही सापडू शकतात. बिलाची वही इथे साक्षीदार झाली.

रॅकएफमध्ये जुनी विभागणी तशीच उतरली. वापरकर्ते तयार करण्याचा अधिकार एका प्रकारच्या खात्याला, फाइलींची देखभाल करण्याचा दुसऱ्याला आणि कशाकशाची नोंद व्हावी हे ठरवण्याचा तिसऱ्या, लेखापरीक्षकाच्या खात्याला असतो. कोषागाराच्या किल्ल्या इथे सॉफ्टवेअरमध्ये गेल्या. आणखी एक सोय फारशी चर्चिली जात नाही. नोंदी लिहायला जागाच उरली नाही तर काय करायचे, हे आधी ठरवून ठेवता येते: नुसता इशारा द्यायचा आणि चालू राहायचे, की सबंध यंत्र थांबवायचे. नोंदीवाचून चालण्यापेक्षा न चाललेले बरे, असे म्हणण्याची हिंमत फार थोड्या यंत्रणांत असते, आणि ती असणाऱ्या संस्थांतही रात्री तीन वाजता तिचे कौतुक कोणी करत नाही.

आज बांभोरी, फैजपूर, शिरपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी काही जण पुण्या-मुंबईत बसून परदेशी बँकांचे मेनफ्रेम रात्रपाळीत सांभाळतात. टेपचे कडे त्यांनी पाहिलेले नसते. पण उणे एक पिढी, ऐंशी क्रमांकाची नोंद आणि पाळी बदलताना पुढच्यासाठी लिहायची कामाची नोंद त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतो. कायद्यानेही यातल्या काही सवयी सक्तीच्या केल्या आहेत. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस राखाव्या लागतात आणि ठरावीक घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात.

खानदेशातल्या लहान संस्थांपुढे मात्र वेगळाच पेच आहे. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात वातानुकूलन आणि भारनियमन सांभाळता सांभाळता एकाच माणसाने प्रोग्रॅम, बॅकअप, वापरकर्त्यांची खाती आणि नोंदींची तपासणी, हे सगळे करायचे असते. काही वर्षांपूर्वी एका सहकारी संस्थेचे बॅकअपचे रजिस्टर मला पाहायला मिळाले. तारीख, वेळ, टेपचा क्रमांक, ‘काढणार’ आणि ‘तपासणार’ असे पाच रकाने काळजीपूर्वक आखलेले होते, एकही दिवस रिकामा नव्हता, आणि शेवटच्या दोन्ही रकान्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सही एकाच हाताची होती.