त्सुरुमी नदी आणि स्टेडियमच्या पोटात मावणारा पूर

2019 चा रग्बी वर्ल्डकप ज्यांनी पाहिला त्यांना योकोहामाचं ते मोठं स्टेडियम आठवत असेल. 12 ऑक्टोबरला हगिबिस वादळ धडकलं, त्या दिवशीची इंग्लंड-फ्रान्स मॅच रद्द झाली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याच ग्राउंडवर जपानने स्कॉटलंडला 28-21 हरवलं. मधल्या रात्री स्टेडियमच्या खाली आणि आसपासच्या सखल जागेत नदीचं सुमारे 9 लाख 40 हजार घनमीटर पाणी शिरलं होतं. तेही ठरवून आत घेतलेलं. हे असं का करावं लागतं ते कळायला त्सुरुमी नदीचा मागचा इतिहास बघावा लागतो.

नदी तशी छोटीच. टोकियोच्या माचिदा शहरातल्या टेकड्यांमधल्या एका झऱ्यातून निघते, वाटेत ओंदा, हायाबुची, यागामी अशा उपनद्या घेते आणि योकोहामाच्या त्सुरुमी वॉर्डात टोकियोच्या खाडीला मिळते. लांबी फक्त 42.5 किलोमीटर, पाणलोट क्षेत्र 235 चौरस किलोमीटर. वरचा भाग टेकड्यांचा आणि खालचा एकदम सपाट, त्यामुळे वर पडलेला पाऊस भराभर खाली येतो पण खाली आल्यावर त्याला पुढे सरकायला उतारच नाही, म्हणून पूर्वीपासूनच ही नदी खोडसाळ म्हणून बदनाम. तरी पूर्वी वर जंगल आणि खाली भातशेती होती, ती बरंचसं पाणी धरून ठेवायची.

मग शहर वाढलं. 1958 मधे पाणलोटाचा जेमतेम 10 टक्के भाग शहरी होता आणि लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास. त्याच वर्षी सप्टेंबरमधे कानोगावा वादळात वीस हजारांवर घरांत पाणी शिरलं. त्यानंतर 1964 ला शिनकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, आली आणि भातशेतांच्या मधोमध शिन-योकोहामा स्टेशन उभं राहिलं, 1966 ला देनएनतोशी रेल्वेलाइन सुरू झाली, टेकड्या सपाट करून कॉलन्या झाल्या, आणि 1975 पर्यंत साधारण 60 टक्के पाणलोट शहरी झाला, पुढे तर 85 टक्के. लोकसंख्या पोचली 18 लाखांच्या वर. जे पाणी आधी जमिनीत मुरायचं ते आता डांबरावरून आणि गटारातून थेट नदीत. 1966, 1976, 1982, पूर येतच राहिले. शिवाय सांडपाण्याचा भार, त्यामुळे देशातल्या सगळ्यात घाण नद्यांमधे हिचं नाव यायला लागलं.

खरी गोष्ट इथून सुरू होते आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तोपर्यंतचा उपाय ठरलेला होता, बांध उंच करा, पात्र खोल करा. गाळ काढायचं काम झालंच, पण दोन्ही काठांवर घरं इतकी चिकटून की पात्र किती रुंद करणार? मग 1980 च्या सुमारास केंद्र सरकार, टोकियो आणि कानागावा या प्रांतांची सरकारं आणि पाणलोटातली शहरं एकत्र बसली आणि ठरलं की नुसत्या पात्राचं नाही, सगळ्या पाणलोटाचं नियोजन करायचं. जमिनीचे तीन भाग केले: पाणी मुरवून धरणारा, पुराला पसरायला जागा देणारा आणि सखल. नवी कॉलनी बांधायची तर बिल्डरने पाणी साठवायचं तळंही बांधायचं. अशी छोटी-मोठी तळी आज पाच हजारांच्या आसपास आहेत, शाळेच्या मैदानात, अपार्टमेंटच्या आवारात, कुठेही. एका ठिकाणी तर चक्क जमिनीखाली बोगदा खणून साठवण केलीय.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे ते स्टेडियम. 2002 च्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल इथेच झाली. अख्खी इमारत हजारभर खांबांवर उचललेली आहे, खाली पार्किंग, बाजूला पार्क. नदीचा बांध एका ठिकाणी मुद्दाम बाकीच्यापेक्षा ठेंगणा ठेवलाय. नदी त्या पातळीवर गेली की पाणी आपोआप त्यावरून आत उतरतं, कोणी बटण दाबायची गरज नाही, पूर ओसरला की गेट उघडून परत नदीत सोडतात. 39 लाख घनमीटर क्षमता, 2003 पासून वापरात. 2014 च्या ऑक्टोबरमधल्या वादळात यात 15 लाख 40 हजार घनमीटर पाणी साठलं होतं, हगिबिसपेक्षाही जास्त.

पाणलोटाचा नकाशा टेपिर या छोट्या सोंडेच्या, डुकरासारख्या प्राण्यासारखा दिसतो म्हणून तोच नदीचा मॅस्कॉट झालाय, शाळेतली पोरं त्याच्यावरून आपण पाणलोटाच्या कुठल्या भागात राहतो ते शिकतात. हे मला फार आवडतं, कारण बऱ्याच लोकांना नदी घरापासून दूर असली की तिच्याशी आपला संबंधच नाही असं वाटतं.

2003 मधे शहरी नद्यांच्या पुरासाठी वेगळा कायदा झाला आणि तो लागू झालेल्या पहिल्या नद्यांमधे त्सुरुमी होती. आता तिथे 1000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर पाणी मुरणं कमी होईल असं काही करायचं असेल तर परवानगी लागते, आणि पाणी साठवायची सोय दाखवावी लागते. 2021 मधे कायदा बदलून हीच पद्धत जपानमधल्या इतर नद्यांसाठीही खुली केली.