दुकानातलं पोतं आणि खाजणातलं भात

किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यावर काय लिहिलेलं असतं? कोलम, बासमती, फार तर 'उकडे'. भात कुठल्या गावचं, नेमक्या कुठल्या वाणाचं, हे क्वचितच. जैवविविधता राखण्यात किराणा दुकानदाराचा वाटा सुरू होतो तो नेमका इथून, असं मला ठामपणे वाटतं.

गोव्याचं कोरगूट हे भाताचं वाण घ्या. मांडवी-झुवारीच्या काठाने खाजणं आहेत, म्हणजे खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधांनी अडवून मिळवलेली सखल शेतं. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं जादा पाणी खाडीत जातं. पावसाळ्यातल्या पहिल्या सरी मातीतलं मीठ बरंचसं धुऊन नेतात, मग भात लागतं. तरी खार उरतोच, आणि साधं भात त्यात करपतं. खार सोसणारे वाण मुळांतून आलेलं सोडियम पानांपर्यंत फारसं पोचू देत नाहीत. कोरगूट अशांपैकी आहे. कापणीनंतर त्याच खाजणात कोळंबी आणि मासे वाढतात, त्यांच्यामागे बगळे आणि खंड्या येतात. बांधाबाहेर खारफुटी असते.

हे सगळं टिकतं ते भात लावलं जातं म्हणून. कोरगूटचं उत्पन्न सुधारित वाणांपेक्षा कमी. तेच भात इतर उकड्या तांदळात मिसळून एकाच भावाने विकलं गेलं, तर शेतकऱ्याने ते का लावावं? शेत पडीक राहिलं की बांधाची डागडुजी थांबते. एकदा बांध फुटला की खारं पाणी शेजाऱ्याच्याही शेतात शिरतं.

बियाणं शीतपेढीत जपता येतं, आणि जपायलाच हवं. मात्र पेढीतलं बी जसंच्या तसं राहतं. शेतातलं बी दरवर्षी नव्या किडीला, नव्या हवामानाला तोंड देत बदलत जातं. अशा वैविध्याची किंमत 1970 च्या दशकात आशियाने पाहिली. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूने भातशेती खुरटली, तेव्हा फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभातात.

आज जगातल्या एकूण पीक उत्पादनापैकी सुमारे 66 टक्के फक्त 9 पिकांमधून येतं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2019 चा अहवाल सांगतो. गिऱ्हाईक जे मागतं आणि दुकान जे ठेवतं, त्याचा यात मोठा हात आहे.

दुकानदाराने सुरुवात करावी ती वाणाचं आणि तालुक्याचं नाव पाटीवर लिहून. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ म्हणजे आजऱ्याचाच, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. पेरणीआधीच शेतकरी गटाशी भाव ठरवावा, म्हणजे कमी उत्पन्नाची जोखीम एकट्या शेतकऱ्यावर पडत नाही. दाणा एकसारखा आणि पांढराशुभ्रच हवा, हा हट्ट सोडावा. कमी पॉलिशच्या तांदळावर कोंड्याचा थर राहतो. त्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो, पोरकिडेही लागतात. म्हणून माल थोडा थोडा आणावा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगावं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपले, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्या भागात काळभात, जिरवेल, रायभोग अशी भातं आहेत. दुकानांनी त्यातलं एकच सुवासिक वाण उचलून गाजवलं तर बाकीची मागे पडतील, ही भीती खरी आहे. म्हणून हंगामाला दोन-तीन वेगळी वाणं आलटून पालटून ठेवावीत. शेतकऱ्याने पुढच्या वर्षीचं बी बाजूला काढल्यावर उरेल तेवढंच भात दुकानाने विकत घ्यावं.